उशीच्या अभ्र्यातल्या गोळ्या

आई, आमच्या ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काळजीचं काही नाही. वॉकर धरून दारापर्यंत जातात आणि तिथून मला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतात. काल टाके दाखवायला गेलो होतो. डॉक्टर अगदी तरुण, तुझ्या नातवाच्या वयाचा वाटावा असा. पट्टी सोडता सोडता त्यानं विचारलं, "काका, मन कसंय? सकाळी उठावंसं वाटतं का? जेवण जातं का?" हे हसले. मला म्हणाले, "बघ, आता मनालाही टाके घालणार." तो पोरगा मात्र हसला नाही. "मन खचलेलं असलं ना काका, की जखम सावकाश भरते. माणूस व्यायाम करत नाही, खात नाही, गोळ्या चुकवतो. म्हणून आम्ही सगळ्याच पेशंटना विचारतो," असं म्हणाला, नवी पट्टी लावली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सगळ्याच पेशंटना. किती सहज म्हणाला गं. रिक्षात हे विचारत राहिले, काय झालं, काय झालं, आणि मी नुसती मान हलवत राहिले. जे कळायला तुझा जीव जायची वेळ आली होती, ते आता पट्टी बदलता बदलता विचारायचा एक प्रश्न झालंय. तुला तो तेव्हा कुणीच विचारला नव्हता. विचारायचा असतो हेच आपल्यात कुणाला माहीत नव्हतं.

पुंडलिकनगरातलं आपलं ते घर आठवतं? दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, आणि पुढच्या ओट्यावर कायम चपलांचा ढीग. तुझी मेस होती तिथं. वाळूजच्या कंपन्यांत कामाला आलेली, घरदार गावाकडं ठेवून इथं खोली करून राहिलेली पंचवीसेक माणसं तुझ्या हातचं जेवायची. पहिल्या पाळीची बस नाक्यावर यायच्या आत तुझे डबे भरून तयार. दुपारी पहिली पाळी सुटली की पंगत, संध्याकाळी दुसरी. अण्णा त्याच बसनं जायचे, मशीनवर उभे राहून यायचे आणि आल्यावर ताटं मांडायचे. तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "भाकरी टाकून उठलेला माणूस उद्या माझ्या पंगतीला नको," म्हणायचीस, आणि सहा फुटी गडी मुकाट्यानं खाली बसायचे.

एकदा खुलताबादचे चाचा ओव्हरटाइम करून उशिरा आले. टर्नर होते ते, आपल्या मेसमधले सगळ्यात वयस्क. मी त्यांना पातेल्यातलं उरलेलं वरण तसंच वाढलं. तू मागून आलीस, ताटातली वाटी उचललीस आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "तुझ्या बापाला असं गार वाढशील का?" चाचा म्हणत होते, "रहन दो भाभी, बच्ची है." तू ऐकलं नाहीस. वरण उकळेपर्यंत मला शेगडीपाशी उभं केलंस. माझे कान तापले होते. आज लिहितानाही तापतात. अशी होतीस तू. म्हणून नंतर जे घडलं ते डोळ्यांनी बघूनही मला खरं वाटत नव्हतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुला अंगावरून फार जायला लागलं होतं. तू बरेच महिने लपवलंस, मग एकदा परातीपाशीच चक्कर येऊन बसलीस. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, पिशवी काढावी लागेल. तू म्हणालीस, "काढा." एवढंच. ना रडलीस, ना काही विचारलंस. अण्णा बाहेर येऊन कौतुकानं म्हणाले, "वाघीण आहे तुझी माय." आता वाटतं, तिथंच कुणीतरी दचकायला हवं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. बाई स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या. तू घरी आलीस, मधल्या खोलीत लोखंडी पलंगावर तुझी सोय केली, मेस तात्पुरती बंद ठेवली. गल्लीतल्या बाया भेटायला येत, "सुटलीस गं बाई," म्हणत, तू हं म्हणायचीस. भिंतीकडं तोंड करून पडायचीस. पोटाला एवढे टाके आहेत, दुखत असणार, पडू दे, असं आम्ही म्हणत होतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज थोडं चालवा. मी हाताला धरून उठवायचे, तू दोन पावलं टाकायचीस आणि अशी थांबायचीस जणू पुढं कुठं जायचं असतं तेच विसरलीस. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. केस विंचरू देत नव्हतीस. मावशी येऊन बघून गेली. ओट्यावर उभी राहून अण्णांना म्हणाली, "आरामाची चटक लागली की बाईमाणूस असंच करतं. कामाला लावा, बरी हुईल."

म्हणून मी एकदा तुला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, दूध शेगडीवर ठेवलं आणि म्हटलं, "आई, एवढं बघ, मी कपडे घेऊन येते." परत आले तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली येतंय, जळका वास भरलाय, आणि तू त्याच्या समोर बसून त्याच्याकडंच बघतेयस. डोळे उघडे. दूध तुझ्या पायापर्यंत आलंय. मी ओरडले, "आई!" तेव्हा तू माझ्याकडं मान वळवलीस आणि विचारलंस, "काय झालं?" ज्या बाईला झोपेतसुद्धा कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या, तिनं मला विचारलं, काय झालं.

मग टाक्यांतून पाणी यायला लागलं. पुढं ते घट्ट झालं, वास यायला लागला, तुला हुडहुडी भरली. अण्णांनी रिक्षा आणली आणि तुला परत भरती केलं. दोन टाके उसवले होते, आत पू झाला होता. पुन्हा भूल, पुन्हा धुणं, पुन्हा टाके. डॉक्टरीणबाई गोंधळून गेल्या होत्या. साखर तपासली, नव्हती. रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. "एवढी धडधाकट बाई, जखम भरायलाच हवी होती. गोळ्या वेळेवर देताय ना?" त्यांनी जरा चिडूनच विचारलं. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, माझ्या हातानं देतो. सकाळची कामावर जाताना, रात्रीची झोपताना. माझ्यासमोर पाणी पिते ती." खरंच होतं. मीही पाहिलं होतं.

दुसऱ्यांदा तुला घरी आणलं तेव्हा मी तुझं अंथरूण बदललं. जुन्या उशीचा अभ्रा काढला, न झटकताच बादलीत भिजत घातला आणि चादरीला साबण लावत बसले. थोड्या वेळानं बघते तर बादलीतलं पाणी लाल. मला वाटलं रक्त. तुझ्या तोंडातून रक्त पडतंय आणि तू आम्हाला सांगत नाहीस, असंच वाटलं. मी बादलीत हात घातला. अभ्र्याच्या कोपऱ्यात चिखलासारखा गोळा लागला. बाहेर काढला. गोळ्या होत्या. लाल गोळ्या, पिवळ्या गोळ्या, अर्ध्या विरघळलेल्या कॅप्सूल, एकमेकांना चिकटलेल्या. तुझी जखम भरायला, तुला जगवायला दिलेलं सगळं औषध माझ्या ओंजळीत होतं आणि बोटांच्या फटींतून लाल पाणी खाली गळत होतं.

मी तशीच तुझ्या खोलीत आले. हात पुढं केले. तू बघितलंस. घाबरली नाहीस, ओशाळलीसुद्धा नाहीस. "हे काय गं आई?" मी कसंबसं म्हटलं. "गिळवत नाहीत का? सांगायचं ना, पूड करून दिली असती."

"गिळवत नाय असं नाय गं," तू म्हणालीस. "गिळून काय करायचं, ते कळत नाय."

एवढंच बोललीस आणि पुन्हा भिंतीकडं वळलीस. मी दारात बसून राहिले. माझ्या पांढऱ्या ओढणीवर तो लाल डाग पडला तो कधी गेला नाही.

अण्णा पाळी संपवून आले तेव्हा चाचाही त्यांच्याबरोबर होते. खुलताबादहून आणलेले पेरू तुला द्यायला आले होते. मी अण्णांना गोळ्या दाखवल्या. अण्णांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आधी ते रागानं लाल झाले, "हे काय केलंस गं तू!" म्हणून खोलीकडं निघाले, आणि उंबऱ्यातच त्यांचा आवाज बसला. मागं येऊन खुर्चीवर टेकले. चाचा ओट्यावरच उभे होते, पेरूची पिशवी छातीशी धरून. हळू आवाजात म्हणाले, "भाईसाब, गुस्सा नको करो. मेरे अब्बा का भी ऐसाइच हुआ था. पथरी का आपरेशन. टाके सूख गए, डॉक्टर बोले घर जाव. घर कू आए और दीवार की तरफ मूँ करके लेट गए. हम बोले बूढ़ा आदमी है, थक गए होंगे. खाना नको, बात नको. बरसात के पैले गुजर गए. काय से गए, आज तक किसी ने नहीं बताया." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटी, डॉक्टरनी को ये गोलियाँ दिखाव. छुपाव मत."

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा गोळ्यांचा तो गोळा कागदात बांधून डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मला वाटलं, आता त्या रागावणार. त्यांनी कागद उघडला, बघितला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मी इतके दिवस नुसते टाके बघत होते." त्यांनी तुझं सगळं विचारलं. झोप, जेवण, बोलणं, दूध उतू गेलं तेही. आणि एका मनोविकाराच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

अण्णा ताडकन उठले. "म्हणजे? तिला येड लागलंय असं म्हणायचंय का तुम्हाला? अहो पंचवीस माणसं सांभाळती ती!"

"वेड नाही," बाई म्हणाल्या. "पण तिला उदासीनतेचा आजार आहे असं मला वाटतं, आणि तो बरा झाल्याशिवाय ही जखम भरायची नाही. तिसऱ्यांदा टाके घालायची वेळ माझ्यावर आणू नका."

औरंगपुऱ्यात एका माडीवर त्या डॉक्टरांचा दवाखाना होता. अण्णा वर आले नाहीत. स्कूटरवर रस्त्याकडं पाठ करून बसून राहिले, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. मी तुला एक एक पायरी चढवत वर नेलं. डॉक्टर बाई होत्या, केस पिकलेल्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांनी तुला पाणी दिलं आणि झोपेचं विचारलं. तू म्हणालीस, लागते, पण पहाटं मोडते, मग छातीवर दगड ठेवल्यागत होतं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "ऑपरेशन झाल्यापासून," तुझ्या वतीनं मीच उत्तर दिलं.

"नाय," तू म्हणालीस. "त्याच्या आधीपासनं."

"किती आधी?"

"दोन उन्हाळे झाले."

मी तुझ्याकडं बघत राहिले. तू माझ्याकडं बघत नव्हतीस. टेबलावरच्या काचेकडं बघून सावकाश बोलत होतीस, जसं काही दुसऱ्याच बाईचं सांगतेयस. "मला चव लागत नाय, बाई. भाजी तोंडात घातली की माती खाल्ल्यागत होतं. मीठ हाताच्या सवयीनं पडतं. लोकं म्हणतात, लई भारी झालीय. मी म्हणते, आसंल."

"आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक करत होतात?"

"हात चालतात की. कणीक मळायला मन कशाला लागतं?" मग तू थांबलीस. पदर चाचपलास. "दवाखान्यात भूल दिली ना, तवा लई बरं वाटलं. वाटलं, झालं, आता उठायचं नाय. तर गालावर चापट्या मारून उठवलं त्यांनी."

आई, दोन उन्हाळे म्हणजे माझी बारावी. म्हणजे तू रोज माझ्या डब्यात दशम्या द्यायचीस ते दिवस. तू पंगतीत ओरडायचीस, मेसमधली माणसं हसायची, दिवाळीला अनारसे केलेस, गल्लीभर वाटलेस, तेव्हा त्यातलं तुला काहीच लागत नव्हतं? तेव्हाही पहाटे तुझ्या छातीवर तो दगड होता? आपल्या घरात एक बाई बुडत होती आणि तिच्या हातची भाकरी खाऊन आम्ही सगळे ढेकर देत होतो. त्या डॉक्टर मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. ऑपरेशननं हा आजार आणलेला नाही. ऑपरेशननं हिचं काम थांबवलं, म्हणून तो दिसला. नाहीतर कुणालाच दिसला नसता." मला त्याचा धीर यायला हवा होता. मला धडकीच भरली.

औषधं सुरू झाली. या वेळी मी तुझ्यासमोर बसायचे, तू गिळायचीस आणि लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवायचीस. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही. अण्णांनी रजा टाकली. रोज संध्याकाळी तुला नाक्यापर्यंत चालवत न्यायचे, लोक बघायचे, तरी न्यायचे. स्कूटरवर पाठ करून बसलेला तो माणूस तुझा हात धरून भर गल्लीतून चालत होता. मावशीनं पुन्हा काहीतरी म्हटलं तर तिला म्हणाले, "आजारी आहे ती. तुला कळत नसंल तर घरी बस." सुट्टीच्या दिवशी चाचा येऊन ओट्यावर बसायचे, तुला कंपनीतल्या गमती सांगायचे. तू हसायची नाहीस. ते तरी सांगायचे.

जखम आधी भरली की तू आधी परतलीस, हे मला नीट सांगता येत नाही. दोन्ही बरोबरच झालं असावं. तू अर्धी भाकरी खायला लागलीस, मग जखमेचे काठ लाल-गुलाबी दिसायला लागले. डॉक्टरीणबाई शेवटची पट्टी काढताना म्हणाल्या, "आता कशी भरली!" आणि तुझ्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यानंतरचीच गोष्ट. अण्णांनी चहा केला होता. तू एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, "दोनदा साखर टाकली का हो?" अण्णा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी जाऊन बघितलं तर नळ सोडून, भांड्यांचा आवाज करत, ओठ दाबून रडत होते.

तू पुढं पुष्कळ वर्षं होतीस. माझं लग्न बघितलंस, माझ्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवलंस. मेस पुन्हा सुरू केलीस, पण थोड्या माणसांची. मधूनमधून तो दगड परत यायचा, आणि तू स्वतःच म्हणायचीस, "मला औरंगपुऱ्याला घेऊन चल." गेलीस तीही साध्या तापाचं निमित्त होऊन, अण्णांच्या मागोमाग. मनानं गेली नाहीस. एवढं तरी आपण जिंकलो, असं मी स्वतःला सांगते. पण काल त्या पोरानं तो प्रश्न विचारला आणि मला पुन्हा तीच धडकी भरली. तो अभ्रा त्या दिवशी मी बादलीत भिजत घातला नसता तर? अभ्रा आधी झटकला असता आणि गोळ्या कचऱ्यात गेल्या असत्या तर? काल घरी आल्यावर मी ह्यांना तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. ते म्हणाले, "अगं सांगितलं की त्याला." मी म्हटलं, "मला सांगा." मग ते खरंच विचार करून बोलले. पहाटे जाग येते म्हणाले. कामावर नसलो की आपण कोण, असं वाटतं म्हणाले. आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

हे लिहिलेलं मी ह्यांना दाखवणार नाही, मुलांनाही नाही. लिहून झालं की फाडून टाकीन. एकच सांगायचं राहिलंय, आणि ते तुझ्यासमोर मला कधी बोलता आलं नसतं. दोन वर्षं मी रोज तुझ्या शेजारी बसून पोळ्या लाटत होते, आपले गुडघे एकमेकांना लागायचे. आणि तू जे सांगितलंस ते एका परक्या बाईला, पाण्याचा एक ग्लास दिल्यावर, काही मिनिटांत सांगितलंस. त्या बाईंनी तुझा जीव वाचवला, आई, मी त्यांचे पाय धरायला हवेत. पण मला त्यांचा हेवा वाटला होता. अजून वाटतो.